जनूकाकांचं पालथं घड्याळ

जनूकाकांना किती वाजले हे विचारायची चूक भाईंदरात माणूस एकदाच करतो. काका चालता चालता थांबतात, छातीवरच्या खिशावर हात ठेवतात आणि उलट विचारतात, "कुठल्या वेळेने?"

विचारणारा गोंधळतो. काकांना तेच हवं असतं. "रेल्वेच्या, मुंबईच्या, का जुन्या?" मग कोटाच्या एकेका खिशातून एकेक घड्याळ निघतं, कानाला लागतं, हातावर ठेवलं जातं. तोवर ज्या गाडीसाठी त्या बिचाऱ्याने वेळ विचारलेली असते ती खाडीच्या पुलावर पोचलेली असते.

यात काकांचा सगळाच दोष नाही. मुंबईत काही लोक पूर्वीपासून रेल्वेच्या मागे असलेली आपली वेगळी वेळ धरून बसलेले. त्यात लढाई सुरू झाली आणि सरकारने सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे करायला लावली. लोकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि काटे फिरवले. काकांनीही फिरवले, पण एक घड्याळ तसंच ठेवलं. "सरकारने तास उसना घेतलाय. लढाई सुटली की परत देणार. तोवर कुणीतरी जुनी वेळ सांभाळायला नको?" त्या घड्याळाच्या काट्यांना ते कुणाला हात लावू देत नसत.

आणखी एक घड्याळ भरतीचं होतं. काका मिठागरावर मुकादम. भरतीचं पाणी आत घ्यायचं तर दार वेळेवर उघडावं लागतं, आणि भरती रोज थोडी उशिरा येते. म्हणून त्या घड्याळाचे काटे ते रोज सकाळी मागे ओढत. "समुद्राशी हुज्जत घालून चालत नाय," म्हणत. "त्याच्या कलाने घ्यावं."

एकूण घड्याळं किती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. "पोरं मोजू नयेत." लग्न त्यांनी केलंच नव्हतं. मुंबईला गेले की जुन्या बाजारात फिरायचे आणि कुणी टाकून दिलेलं एखादं घड्याळ घेऊन यायचे. भाईंदरचा खारा वारा लोखंड खातो, म्हणून ती सगळी कोरड्या तांदळाच्या डब्यांत निजायची. त्यांच्याकडे भात खाताना आधी बोटांनी चाचपून बघावा, असं माझे बाबा म्हणायचे.

आमची दोन घरं एका अंगणात. मी वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये राहून शिकले, मॅट्रिक होऊन घरी आले आणि गप्प बसू लागले. मराठी बोलायच्या आधी मला मनात जुळवावी लागे, आणि इंग्रजी बोलायला समोर कुणी नव्हतं. जनूकाका मला 'मडम' म्हणत. माझं काम एकच, तबकडीवरची अक्षरं वाचून दाखवायची. बऱ्याच घड्याळांवर खाली बारीक अक्षरात 'स्विस मेड' असे. काकांची खात्री झाली की हा कुणीतरी मोठा कारखानदार आहे. "स्विसमेड शेठसारखा माणूस नाय गो. एवढी घड्याळं केली, पण आपलं नाव कसं लहान लिहितो बघ." मी ती चूक दुरुस्त केली नाही. त्यांना तो शेठ फार आवडायचा.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण चेणे गावच्या ठकूआत्या एक दिवस राहायला आल्या.

ठकूआत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. नवरा वारलेला, लेक लांब दिलेली, चेण्याच्या घरात एकट्याच. "माझ्याकडं ये, ठके," असं काका वर्षानुवर्षं सांगत होते. शेवटी त्या आल्या, एक रात्र राहिल्या आणि सकाळी गाठोडं बांधून आमच्या ओटीवर येऊन बसल्या.

"ह्ये घर हाय का काय?" त्या माझ्या आईला म्हणाल्या. "रातभर कुरकुर कुरकुर. जसे भिंतीत हजार उंदीर. एक थांबला का दुसरा."

"ठके, थांबत एकपण नाय," काका दारातून म्हणाले. त्यांना ती तक्रार नसून घड्याळांची बदनामी वाटली.

"जन्या, तू गप." आत्या उठल्या. "मना बोलावतंस ना? मंग एक ठेव. एक! बाकीची खाडीत टाक, न्हायतर कुणाला दे. एक ऱ्हायलं का मी ईन. तोवर न्हाय."

बैलगाडी निघाली. काका अंगणातल्या बदामाखाली उभे राहिले. मग घरात गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. त्या दिवसापासून त्या माणसाला बूड टेकवून बसलेलं मी पाहिलं नाही.

पहिले काही दिवस ते फक्त प्रश्न विचारत फिरले. "मडम, एकच ठेवायचं तर कुठल्या वेळेवर लावायचं?" मी म्हणाले, रेल्वेच्या. "आणि भरती? समुद्र काय तिकीट काढून येतो?" तासाभराने परत. "जुन्या वेळेचं दिलं तर ती वेळ कोण सांभाळणार?" बाबा वैतागले, "जनू, ठकूताई येते की सरकार येतंय तुझ्याकडे?"

मग वाटप सुरू झालं. ते मुलींची स्थळं बघावी तसं चाललं. पुढे धावणारं घड्याळ कुणाला द्यायचं? उत्तनच्या बावतीसला. तो मासळी घेऊन दर आठवड्याला यायचा आणि दर रविवारी प्रार्थनेला उशिरा पोचायचा. "हे जरा पुढं पळतं. तुझं काम होईल." मागे पडणारं घड्याळ बाजारातल्या किराणावाल्या शेठला. "तू दुकान लवकर बंद करतोस, हे तुला आवरेल." मला एक लहानसं मनगटी घड्याळ मिळालं, चामड्याच्या पट्ट्याचं. काकांनी ते माझ्या कानाशी धरलं. काहीच ऐकू आलं नाही. "चालू आहे?" मी विचारलं. "चालू हाय. पण बोलत नाय. तुमचं दोघींचं जमेल."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

दिलेलं घड्याळ विसरायचं, हे मात्र त्यांना जमेना. सकाळ झाली की काका निघत. शेठच्या दुकानात जाऊन घड्याळाला किल्ली दिली का बघत, बावतीस दिसला की त्याच्या खिशात हात घालत. मिठागरावर दाराशी उभे असतानाही त्यांचं लक्ष रस्त्याकडे असे. शेठ एकदा घड्याळ घेऊनच आमच्या अंगणात आला.

"काका, ये वापस लो."

"का? बंद पडलं?"

"घडियाल अच्छा है. मगर तुम रोज सुबह आता है, ढक्कन खोलता है, मेरे को डांटता है. मेरा बाप भी इतना नहीं डांटता था."

"लेक सासरी दिली म्हणून विचारपूस करायची नाय?"

"करो ना! महिने में एक बार करो!"

तह झाला. काका आठवड्यातून एकदा येतील, आणि ढक्कन शेठ स्वतः उघडेल.

असं करत करत डबे रिकामे झाले. एकेक घड्याळ गेलं तसं घर गप्प होत गेलं. आमच्या ओटीपर्यंत यायचा तो बारीक आवाज येईना झाला. तेव्हा मला कळलं की रोज मी तो ऐकत असे. काका आता संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत, म्हणजे बसत नसतच. ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. "आत लई शांत हाय," एवढंच म्हणत.

भरतीचं आणि जुन्या वेळेचंही गेलं. शेवटी दोन उरली. एक चांदीचं, साखळीचं. मिठागराच्या मालकांनी त्यांना खूश होऊन दिलेलं. कुठल्याही वेळेवर लावा, मिनिट चुकत नसे. दुसरं एक काळवंडलेलं, काच तडकलेली. ते फक्त पालथं ठेवलं तरच चाले. उताणं केलं की थांबे, खिशात घातलं की थांबे. म्हणजे वेळ बघायची तर ते उचलावं लागे, आणि उचललं की ते बंद पडे. अशा घड्याळाचा उपयोग काय, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. बाकीच्यांना विचारायची गरजच नव्हती; ते निकामी हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

ठकूआत्यांना निरोप गेला. त्या येणार त्या सकाळी काकांनी दोन घरांमधल्या अंगणात येरझारा घालून मातीत वाट पाडली. गाडीचे घुंगरू दुरून ऐकू आले तेव्हा ते तरातरा आमच्याकडे आले आणि बाबांच्या हातात चांदीचं घड्याळ ठेवलं.

बाबांनी ते परत पुढे केलं. "जनू, अरे, चुकून हे दिलंस."

"नाय चुकून."

"मग तू ते पालथं ठेवणार?"

काका बाबांकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "चांगलं घड्याळ काय, कुणाकडेही चालतं. पण त्या दुसऱ्याला कोण पालथं निजवणार गो, मडम? दोन दिवसांत फेकून देतील."

एवढं बोलून ते गाडीकडे धावले. गाठोडं त्यांनी स्वतः उतरवलं.

आत्या घरात शिरल्या, सगळे डबे उघडून बघितले आणि तांदळाखेरीज काही नाही याची खात्री करून घेतली. मग कोनाड्यातल्या त्या एका पालथ्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याला काय झालं? आजारी हाय?"

"हाय," काका म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे."

तीन-चार दिवसांनी दुपारी आईने दिलेली बोंबलाची चटणी घेऊन मी गेले. दारातच थांबले. आत कसला तरी आवाज येत होता. एकसारखा, वर चढणारा, क्षणभर थांबणारा आणि परत खाली येणारा. ठकूआत्या माजघरात चटईवर झोपल्या होत्या आणि घोरत होत्या. घड्याळाच्या टिकटिकीने जिला झोप लागत नव्हती त्या बाईच्या घोरण्याने कौलं हलतील असं वाटत होतं.

जनूकाका उशापासून जरा लांब, भिंतीला टेकून बसले होते. बसले होते! पाय लांब सोडून. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच खूण केली, ऐक.

मी ऐकलं.

"कसं चाललंय बघ," ते कुजबुजले. "पुढं नाय, मागं नाय."

कोनाड्यात पालथं घड्याळ होतं, पण त्याचा आवाज नव्हता. मी तिकडे बघितलेलं त्यांना कळलं. ते ओशाळले. "काल किल्ली द्यायची राहिली. आज पण. देताना करकर वाजतं ना. ही उठेल." मग जरा वेळाने, तितक्याच हळू आवाजात, "मडम, किती वाजले गो?"

मी मनगट वर केलं. आणि का कोण जाणे, मनात काहीही न जुळवता माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या वेळेने?"

काका हसतील असं वाटलं होतं. पण त्यांनी बहिणीकडे बघितलं, तिच्या पायावरून सरकलेलं लुगडं नीट केलं आणि म्हणाले, "कुठल्याही. उठली का तिला चहा लागतो, तेवढ्यापुरतं."