बिडवे सरांची चौकट

बिडवे सरांना इंग्रजी शिकवायला फळा लागत नसे, दाराची चौकट लागे.

आमच्या लातूरच्या क्लासमध्ये फळे उत्तम होते. हिरवे, काचेचे, घासले तरी न किरकिरणारे. ते मी हौसेनं घेतले होते आणि फ्लेक्सवर माझ्या फोटोशेजारी त्यांचाही फोटो टाकला होता. पण तास सुरू झाला की बिडवे सर फळ्याकडं पाठ करून दारापाशी जायचे, चौकटीच्या डाव्या उभ्या लाकडावर खडूची एक आडवी रेघ मारायचे आणि म्हणायचे, "पहिल्या प्रकरणात लेकरू एवढं."

लेकरू म्हणजे बारावीच्या इंग्रजीला लागलेल्या अमेरिकन कादंबरीचा नायक. काकाच्या घरून पळालेला एक पोरगा, चोरलेलं एक खेचर, वाटेत भेटलेला एक लंगडा म्हातारा आणि पलीकडं जायला बर्फाचे डोंगर, अशी ती साहसकथा. कादंबरीचं नाव सरांनी तासाला कधी घेतलं नाही. ते तिला ‘आपली खेचराची गोष्ट’ म्हणत. पोरंही तसंच म्हणत. एका पोरानं तर चाचणीच्या पेपरात तसंच लिहिलं होतं.

दर प्रकरणाला नायक किती वाढला, हे पोरांनी भांडून ठरवायचं आणि बोटांनी मोजून चौकटीवर रेघ मारायची, ही सरांची पद्धत. तिला ते ‘कॅरॅक्टर ग्रोथ’ म्हणत. भांडणं ऐकण्यासारखी असत.

"सर, दोन बोटं खाली घ्या त्याला!" चाकूरची मनीषा एकदा बाकावरून उठूनच ओरडली. "म्हाताऱ्याला बर्फात सोडून पळालं न्हवं का?"

"अगं, भ्यालं असंल," एकजण म्हणाला.

"भ्यालं तर भ्यालं. तू बी भितोस फिजिक्सला, पळून गेलास का?"

"मग निगेटिव्ह मार्किंग!" मागच्या बाकावरून निकाल आला, आणि सरांनी मान डोलावून लेकराला दोन बोटं खाली आणलं.

कथानकासाठी त्यांच्याकडं लातूर-नांदेड एस्टी होती. "बगा, गाडी स्टँडवरून सुटली, ही सुरुवात. चाकूरला गर्दी चढली, गुंतागुंत झाली. अहमदपूरच्या पुढं टायर फुटलं, सगळे खाली उतरले, भांडले, ढकलली, हा क्लायमॅक्स. लोह्याला च्या पिला. नांदेडला उतरले. आता मला सांगा, लातूरला जो माणूस चढला तोच जर नांदेडला उतरला, तर ती काय झाली?"

"एस्टीची फेरी!" सगळा वर्ग.

"आन् दुसराच उतरला तर?"

"कादंबरी!"

हे मी बाहेर उभा राहून ऐकायचो आणि कुणी पालक तर आला नाही ना, म्हणून रस्त्याकडं बघायचो. कारण भूकंपानंतर दहा-बारा वर्षांत आमच्या गावाची तऱ्हाच बदलली होती. पूर्वी लातूर डाळीसाठी माहीत होतं, आता मार्कांसाठी. गल्लोगल्ली क्लास, घराघरात मेस, आणि उदगीरहून केमिस्ट्री शिकवायला आलेला माझ्यासारखा माणूससुद्धा ‘संचालक’. अशा गावात पालकानं विचारलं, की तुमचे इंग्रजीचे सर काय शिकवतात, तर मी काय सांगणार होतो? टायर फुटलं म्हणून?

आणि सर मला ‘संचालक साहेब’ म्हणत. त्यातला ‘साहेब’ जरा लांबवत. त्याला कारण होतं. एकदा ते नव्हते म्हणून त्यांचा तास मी घेतला. कादंबरी वाचलेली नव्हती. गाइडचं मागचं पान चाळलं आणि जोशात येऊन खेचराचा मृत्यू असा काही रंगवला की पुढच्या बाकावरच्या दोन पोरी रडल्या. दुसऱ्या दिवशी सर केबिनमध्ये आले.

"काल खेचर मारलं म्हनं तुम्ही?"

"हो... म्हणजे, तो शेवट जरा करुण आहे ना."

"संचालक साहेब, ते खेचर शेवटच्या पानावर गवत खाऊन राहिलंय. मेलं ते दुसऱ्या धड्यातलं घोडं."

त्या दिवसापासून वर्गात मी शिरलो की मागून कुणीतरी हळूच खिंकाळायचं. खेचर कसं ओरडतं ते त्या पोराला माहीत नव्हतं, मला तरी कुठं माहीत होतं.

आता त्या चौकटीबद्दल. क्लासची खोली बांधायला काढली तेव्हा सर नुकतेच आमच्याकडं लागले होते. म्हणाले, "सागवानी चौकट हाय माझ्याकडं, जुन्या घराची. बसवा." मी विचारलं, किती द्यायचे? म्हणाले, "फुकट." हा शब्द ऐकल्यावर मी पुढचं काही विचारत नाही. टेंपोतून चौकट आली, बसली. वर गणेशपट्टीवर कोरलेला झिजका गणपती, खाली रुंद उंबरा. सुंदर होती. फक्त एकच, खेड्यातल्या जुन्या घराची असल्यानं बुटकी होती. मोठ्या माणसाला वाकून आत यावं लागे. सर आत बसून दारातल्या प्रत्येकाला ओरडत, "वाका, वाका!" सगळे वाकत. मी विसरत असे. संचालकाला सवय नसते. त्या चौकटीकडं मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नाही, कारण मी तिच्याकडं पाहायचो तेव्हा कपाळ चोळत असायचो.

एके दिवशी नांदेडहून एक गृहस्थ आले. दोन जुळी पोरं, दोन्ही हुशार, दोन्ही आमच्याकडं घालायची. मी त्यांना वर्ग दाखवायला नेलं, अदबीनं बाजूला झालो आणि म्हणालो, "या ना." ते आले. असा आवाज झाला की गणपतीही दचकला असेल.

"वाका म्हनलो होतो," आतून बिडवे सर शांतपणे म्हणाले.

गृहस्थांनी टेंगूळ चाचपलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ज्या क्लासच्या दारातच डोकं फुटतंय, तिथं लेकरायचं डोकं काय चालंल हो?" आणि जुळी घेऊन समोरच्या क्लासमध्ये गेले. समोर काचेचं दार होतं. आपोआप उघडणारं.

मी त्याच दिवशी ठरवलं: चौकट काढायची, ॲल्युमिनियमची बसवायची. सरांना सांगितलं. ते खडू खिशात ठेवत म्हणाले, "चौकट निघाली तर मी निघालो."

"अहो सर, रेघा काय भिंतीवरही मारता येतील."

"न्हाई येत."

"का पण?"

"कामून ते तुमाला सांगून राहिलो न्हाई. चौकट निघाली तर मी निघालो, बस."

मला वाटलं, विक्षिप्तपणा. वर्षाच्या मध्यात इंग्रजीचा मास्तर मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण एकदा काढून टाकली की माणूस चार दिवस रुसेल आणि येईल, असा माझा हिशेब. माझे हिशेब केमिस्ट्रीतच बरोबर येतात.

सर दर रविवारी औशाकडं गावाला जात. लातुरात रविवार फक्त कॅलेंडरवर असतो, त्यामुळं पोरं चाचणीला आलेली होती. त्यांना व्हरांड्यात बसवून मी रफिक मिस्त्रींना बोलावलं. ते पहार घेऊन आले, चौकटीला हात लावून म्हणाले, "सर, मस्त लाकूड है. पहले पुसून घ्या, जोड कुठंय ते दिसना."

मी स्वतः ओलं फडकं घेतलं. डावीकडच्या लाकडावर त्या वर्षीचं लेकरू सहा प्रकरणं वाढलेलं होतं. एका फटक्यात सगळं पुसलं. व्हरांड्यातून मनीषा ओरडली, "सर, ते कामून पुसून राहिले? आमी लई भांडून काढलं होतं ते!" मी म्हणालो, पेपर लिही. ती पेपर न लिहिता फोन घेऊन मागं गेली, हे मला नंतर कळलं.

खडू गेला आणि खाली खाचा दिसल्या. विळ्यानं घेतलेल्या, आडव्या, जुन्या, तेल पिऊन काळ्या पडलेल्या. उजव्या लाकडावर उंबऱ्यापासून थेट गणेशपट्टीपर्यंत एकावर एक चढत गेलेल्या. डाव्या लाकडावर तशाच, पण माझ्या बरगडीपाशी येऊन थांबलेल्या. शेवटच्या खाचेवर अजून थोडा खडू राहिला होता. तो नखानं काढताना माझ्या लक्षात आलं, पहिल्या प्रकरणाची रेघ इथंच असते. दर वर्षी. सर तिथं मोजत नाहीत, पाहतही नाहीत. बोलता बोलता तळवा ठेवतात आणि म्हणतात, लेकरू एवढं.

"काढू का?" मिस्त्रींनी पहार लावली.

"थांबा," मी म्हणालो. का थांबवलं ते सांगता येईना म्हणून म्हणालो, "चहा घ्या आधी."

चहा यायच्या आत ऑटो आली. सर अर्ध्या वाटेतून परत आले होते. काखेत पिशवी तशीच. ते दारापर्यंत आले, पहार पाहिली, माझ्या हातातलं फडकं पाहिलं. मी तयारी ठेवली होती, की आता शिव्या पडणार. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, या खाचा..." मी म्हणालो.

"त्या तिकडच्या माझ्या." त्यांनी उजवीकडं बोट केलं. डावीकडं केलं नाही. "ह्या आमच्या बालाजीच्या. धाकटा भाऊ."

मिस्त्रींनी पहार हळूच भिंतीला टेकवली.

"आमच्या घरची रीत होती," सर उंबऱ्यावर बसत म्हणाले. "ज्या दिवशी दारात वाकावं लागलं त्या दिवशी पोरगं मोठं झालं. मग खाच बंद. त्या दिवशी आई गुळाचा शिरा करायची. माझा झाला तसा. हे लेकरू एवढुसं होतं, बरगडीएवढं, तरी दारात आलं की वाकून जायचं. उगंच. म्हनायचं, दादा, बघ, मला बी लागून राहिलंय."

ते हसले. मीही हसलो, कारण काय करावं कळेना.

"भूकंपात घर बसलं. भिंती सगळ्या आत पडल्या. ही तेवढी उभी राहिली." त्यांनी चौकटीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "नव्या गावठाणात सिमेंटच्या घराला लोखंडी चौकट दिली सरकारनं. ही कुठं लावू? म्हनलं, जिथं लेकरं येत-जात असतेत तिथं लावावी."

मग ते उठले, शर्ट झटकला आणि एकदम नेहमीच्या आवाजात व्हरांड्याकडं ओरडले, "ए, लेकरू कुठवर आलं होतं रे? संचालक साहेबांनी आज त्याला बी मारलं!"

पोरं चाचणी सोडून धावली. परत पहिल्यापासून भांडण. म्हाताऱ्याला सोडलं, दोन बोटं खाली. खेचराला आपली भाकर दिली, एक बोट वर. मिस्त्रींनीही मत दिलं, की भाकर दिली तर दीड बोट हवं. अर्ध्या तासात लेकरू सहाव्या प्रकरणापर्यंत परत वाढलं. चाचणी बुडाली. मिस्त्रींना मी चहा पाजून परत पाठवलं.

ॲल्युमिनियमचं दार केबिनला लागलं. वर्गाच्या दारावर मी एक पाटी रंगवून घेतली: ‘येथे वाकून प्रवेश करावा.’ आणि नव्या पत्रकात छापलं, की आमच्याकडं गुणांबरोबर विनयाचे संस्कार दिले जातात. पालक भारावून गेले. एक जण तर दोनदा वाकले. समोरच्या क्लासचे संचालक आपलं काचेचं दार काढून बुटकं बसवायच्या विचारात आहेत, असं कानावर आलं.

सरांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "खेचर विकून बी पैसे करताल तुम्ही."

फेब्रुवारीत कादंबरीचं शेवटचं प्रकरण आलं. मी त्या वेळेपर्यंत ती खरंच वाचून काढली होती, आणि काही कारण नसताना मागच्या बाकावर जाऊन बसलो. लेकरू डोंगर उतरून गेलेलं असतं, पलीकडं सगळं मिळालेलं असतं, आणि तरी ते खेचर वळवून म्हाताऱ्याला आणायला परत बर्फात शिरतं. मनीषानं खडू घेतला, दारापाशी गेली आणि डाव्या लाकडावर अगदी वर, गणेशपट्टीच्या खाली रेघ मारली.

"बास का सर?"

"अजून एक बोट."

"सर, लाकूड संपलं की."

"मग गणेशपट्टीवर मार."

"मग तर त्याला वाकावं लागंल."

"हाव," सर म्हणाले. "आता वाकावं लागंल त्याला."

तिनं झिजक्या गणपतीच्या शेजारी रेघ मारली. घंटा झाली. सरांनी पुस्तक मिटलं, पिशवी काखेला मारली आणि निघाले. इतकी वर्षं त्या दारातून डोळे मिटून वाकणारा माणूस, त्या दिवशी सरळ चालत गेला. ठाण्‌!

"वाका, सर!" सगळा वर्ग उशिरा ओरडला.

मी धावलो. "लागलं का हो?"

"हाव, लागलं जरा," असं म्हणत त्यांनी रुमाल काढला आणि डोळे पुसले. कपाळाला हातही लावला नाही.

मी त्यांच्या शेजारी व्हरांड्यात उभा राहिलो. मला काहीच लागलं नव्हतं, तरी उगंच कपाळ चोळत राहिलो.