मोकळा क्वार्टरबॅक

दुबईतल्या अल बर्शाच्या संघाने जेराल्ड डाबरेला काढून टाकलं ते सोमवारी संध्याकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर, दोन ओळींत. जेराल्डने तो मेसेज बायकोला मोठ्याने वाचून दाखवला आणि मोबाइल समाधानाने खिशात टाकला.

“म्हणजे काढलं तुला,” मिल्ड्रेड म्हणाली.

“काढलं नाही, मोकळं केलं. ह्याला फ्री एजंट म्हणतात. आता ज्याला मी पाहिजे त्याने यायचं आणि बोलायचं.”

“आणि कोणीच नाही आलं तर?”

“मिली, एका मॅचमध्ये पाच टचडाउन देणारा क्वार्टरबॅक दुबईत मोकळा फिरतोय. बातमी पसरायला वेळ लागतो, एवढंच.”

पाच टचडाउन खरे होते. एका हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर असलेला जेराल्ड गेली सहा वर्षं शनिवारच्या हौशी लीगमध्ये फ्लॅग फुटबॉल खेळत होता. हा अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार. समोरच्याला आडवं पाडायचं नाही, त्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो थांबतो. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा डाव त्याच्या हातात. जेराल्डच्या हातात तो एक शनिवार आड असायचा. एका शनिवारी पाच टचडाउन, तर पुढच्या शनिवारी चार फेकी थेट समोरच्या संघाच्या हातांत. चुकायचा तोही नेम धरून.

गुरुवारी दुबईपासून तीन-साडेतीन तासांवरच्या रुवैसहून फोन आला. तिथल्या रिफायनरीत इंजिनिअर असलेले उल्हास टिपरे तिथला संघ चालवत आणि त्यातून खेळतही. त्यांनी जेराल्डला एकदाच खेळताना पाहिलं होतं, आणि तो नेमका पाच टचडाउनचा शनिवार होता. ते शनिवारी दुबईला येणारच होते. जेराल्डने त्यांना जेवायलाच बोलावलं आणि लगेच हॉटेलातल्या रिसेप्शनवरच्या डॅरिलला फोन लावला.

“शनिवारी दोन वाजता मला कॉल कर. तू देराच्या नव्या टीमचा कोच आहेस आणि तुला मी पाहिजे.”

“मी कशाला पाहिजे म्हणू? मला तर तुमचा बॉलसुद्धा कसा असतो ते माहीत नाय.”

“लांबट असतो. तू फक्त बोल. एकच टीम मागे लागलीय असं दिसलं की मान राहत नाही.”

बारा वर्षांची लॅरिसा बाजूलाच गृहपाठ करत होती. “डॅडी, दॅट्स चीटिंग,” ती वर न बघता म्हणाली.

“दॅट्स निगोशिएशन,” जेराल्ड म्हणाला.

शनिवारी मिल्ड्रेडने मटणाचा रस्सा आणि गरम फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, केले होते. उल्हास मोकळेपणाने जेवत होते. “तुम्हाला सात नंबर देऊ,” ते म्हणाले. “आदल्या दिवशी गाडी पाठवतो, मुक्काम माझ्याकडे. वहिनी, तुम्हीही या. समुद्र अगदी जवळ आहे.”

जेराल्ड हो म्हणण्याच्या बेतात असताना दोन वाजले. फोन वाजला. त्याने तो ऐटीत स्पीकरवर टाकला.

“मिस्टर जेराल्ड, देरा टीमसे कोच बोल रहा हूँ,” डॅरिलने आवाज जाड केला होता. “हबीबी, आप ही हमारे कॅप्टन. पूरी टीम आपके लिए रुकी है. आपके नाम की जर्सी भी छप गयी.”

जर्सीचं काही ठरलं नव्हतं. जेराल्डने घाईघाईने फोन बंद केला.

उल्हासनी हातातला फुगा ताटात ठेवला. “जर्सी छापलीय म्हणजे तुम्ही त्यांना शब्द दिलेला दिसतो.”

“नाही, तसं पक्कं नाही काही.”

“नाही कसं? नवी टीम आहे बिचाऱ्यांची. आम्ही मध्ये पडणं बरं दिसत नाही.” सज्जन माणूस होता. जाण्यापूर्वी जेराल्डची पाठ थोपटली, आणि खाली गाडीत बसल्यावर लीगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘जेराल्डसारखा कॅप्टन मिळाल्याबद्दल देरा टीमचं अभिनंदन.’

पाठोपाठ सव्वीस अंगठे आले. मग देरा टीमच्या खऱ्या कॅप्टनचा, कार्गो ऑफिसवाल्या रफिकभाईंचा मेसेज आला, ‘ये जेराल्ड कौन है?’

मिल्ड्रेडने तो वाचला आणि भांडी उचलायला घेतली.

“सोपं आहे,” जेराल्ड म्हणाला. “खोटं बोललोय ते खरं करायचं.” त्याने डॅरिलला ताबडतोब मेट्रोने देराला पाठवलं. रफिकभाईंची माफी मागायची आणि जेराल्ड किती मोठा खेळाडू आहे ते पटवायचं.

डॅरिल दोन तासांनी परत आला. अंगात देराची हिरवी जर्सी होती.

“माझ्यासाठी आणलीस?”

“नाय रे.” डॅरिल ओशाळला. “ते बोलले, बॉल फेकून दाखव. मी बोललो, मला येत नाय. तरी फेकला. ते जिथे बोलले तिथेच गेला. मग आणखी दहा वेळा फेकायला लावला.”

“आणि?”

“दहाही वेळा तिथेच गेला.”

जेराल्डचा चेहरा पहिल्यांदाच पडला. “माझं काय म्हणाले?”

“तू पण आहेस. बॅकअप.”

“मग बरोबर आहे,” जेराल्ड सावरून म्हणाला. “नवीन माणसाच्या मागे अनुभवी माणूस लागतोच.”

सीझनची पहिली मॅच नेमकी रुवैसशी पडली. डॅरिलने पूर्वार्धात तीन टचडाउन दिले. मग घड्याळ बघून तो रफिकभाईंना म्हणाला की चारची शिफ्ट आहे, आणि निघून गेला. देरा अठरा, रुवैस शून्य असताना जेराल्ड मैदानात उतरला.

त्याची पहिली फेक सुंदर होती. चेंडू फिरकी घेत चाळीस यार्ड गेला आणि उल्हासच्या छातीवर विसावला. दुसरीही तिथेच गेली. तिसऱ्या वेळी तर उल्हासना जागचं हलावंसुद्धा लागलं नाही. रुवैस चोवीस-अठरा जिंकलं.

मॅच संपल्यावर उल्हास घाम पुसत आले आणि त्यांनी जेराल्डचा हात दोन्ही हातांत धरला. “एक विनंती आहे. देरा सोडू नका. परत आमची गाठ पडणार आहे. हे लोक तुम्हाला काढायला निघाले तर मला सांगा, मी स्वतः रफिकभाईंशी बोलतो.”

जेराल्ड गाडीत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. “पाहिलंस, मिली? एकच मॅच झाली, आणि समोरची टीमसुद्धा माझ्यासाठी शब्द टाकायला तयार.”

मिल्ड्रेड काहीतरी बोलणार होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

“उद्या चर्चमध्ये मिस्साला ती जर्सी घालून येऊ नकोस,” ती म्हणाली, “एवढंच.”