ड्वेन हॉकेटची संथ मिरवणूक

सत्तावीस वर्षांत सासऱ्याने, एल्डनने, ड्वेन हॉकेटच्या हाती स्वतःची एकही वस्तू विश्वासाने दिली नव्हती. (मुलगी दिली होती, पण तो मुलीचा हट्ट होता.) म्हणून मेमोरियल डेच्या, म्हणजे कबरींवर फुलं वाहायच्या स्मरणदिनाच्या, आधीच्या शनिवारी एल्डनने आपल्या, वर बसून चालवायच्या गवत कापायच्या गाडीची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, तेव्हा ड्वेनला गहिवरून आलं आणि लगेच भीतीही वाटली.

चर्चमागच्या दफनभूमीतलं गवत एल्डन गेली तीस वर्षं कापत होता. त्याची बायकोही तिथेच, मेपलच्या झाडाखाली पुरलेली होती. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे गाडी तिथे पोचवायचं काम जावयाकडे आलं. दहाच्या आत, पिकअपमागच्या ट्रेलरवर घालून. "पाती बंद ठेव," एल्डनने बजावलं. "रॅम्पवर उलटं चढव, सावकाश. वर गेलास की ब्रेक लाव आणि चारी कोपऱ्यांना पट्टे आवळ. जमेल ना, जावईबापू?" मग तो ड्वेनच्या बायकोच्या, मार्लाच्या गाडीतून पुढे गेला.

ड्वेन ट्रेलरला टेकवलेल्या रॅम्पसमोर उभा राहिला. लोखंडाच्या दोन अरुंद पट्ट्या, मध्ये नुसती हवा. गावातल्या कॉफीच्या दुकानात प्रत्येकाकडे रॅम्पची एक गोष्ट असते आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी उताणं पडतं, वर गाडी पडते. त्या सगळ्या गोष्टी ड्वेनला आता एकदम आठवल्या. त्याने रॅम्पला हात लावून पाहिला. दवाने ओला होता. तेव्हा त्याने एक साधा, शहाणा निर्णय घेतला. दफनभूमी तीन मैलांवर तर होती. ट्रेलर हवाय कशाला? रस्त्यानेच न्यावी झालं.

पहिल्याच वळणावर धुकं लागलं. ड्वेनने गाडीचे दिवे लावले आणि जीव मुठीत धरून ताशी पाच मैलांच्या वेगाने निघाला. मागे एक पिकअप आली. धुक्यात ओलांडून जायची तिची छाती होईना, म्हणून तीही दिवे लावून रांगत राहिली. तिच्यामागे दुसरी आली, मग दूधवाल्याचा टँकर. एवढं धूड आपल्या पाठीशी घरघरतंय म्हटल्यावर ड्वेनने मागे बघायचंच सोडून दिलं.

मग एक नवल घडलं. समोरून येणारी प्रत्येक गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबू लागली. ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून छातीशी धरली. एवढा मान ड्वेनला कुणी जन्मात दिला नव्हता. भीती थोडी ओसरली आणि त्याने हसून हात हलवला. म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

दफनभूमीच्या फाटकातून तो आत शिरला आणि त्याच्यामागे दिवे लावलेल्या चौदा गाड्या एका रांगेत शिरल्या. निम्म्या दफनभूमीच्या साफसफाईलाच आलेल्या होत्या. उरलेल्यांना वाटलं होतं, दिवे लावलेली एवढी संथ रांग म्हणजे अंत्ययात्राच (समोरचेही त्यासाठीच थांबत होते), मध्येच फुटून जाणं बरं दिसणार नाही. एक बाई रुमालाने डोळे टिपत उतरल्या आणि फाटकाशी काठी टेकून उभ्या असलेल्या एल्डनला हळूच विचारू लागल्या, कोण गेलं म्हणून.

एल्डनने जावयाकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. ट्रेलर कुठेच नव्हता.

"अजून कुणी नाही," तो म्हणाला. "पण दिवस आत्ताच उजाडलाय."

ड्वेनने मान खाली घालून गवत कापलं. कापलंही चांगलं, सासूच्या कबरीच्या दगडाभोवती तर फारच जपून. तोवर मार्ला घरी जाऊन पिकअप आणि ट्रेलर घेऊन आली. एल्डनने स्वतः रॅम्प लावले. अंत्ययात्रा हुकलेली मंडळी साफसफाईवाल्यांनी आणलेलं बटाट्याचं सॅलड घेऊन समोर बसली. पळवाट उरली नव्हती.

ड्वेन उलटा चढू लागला. मागची चाकं लोखंडावर आली, सीट कलली आणि गाडी गप्पकन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभाच राहिला होता.

"बूड टेक," एल्डन म्हणाला. "सीटवरचं वजन उठलं की तिला वाटतं माणूस पडला. म्हणून बंद पडते ती."

"मी पडणारच आहे," ड्वेन म्हणाला.

एल्डन लंगडत बाजूला आला. सॅलडवाल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "माझीही टरकते. तीस वर्षं टरकतेय. पण बूड उचलत नाही मी."

ड्वेन बसला. घट्ट बसला. एकेक बोट वर सरकत गाडी ट्रेलरवर पोचली, ब्रेक लागला, टाळ्या पडल्या. एल्डनने चार पट्टे आवळले आणि म्हणाला, "उतर आता. जमलं तुला."

सत्तावीस वर्षांत ऐकलेली ही पहिली शाबासकी. पण ड्वेन उतरेना. बोटं स्टिअरिंगवर जी आवळली होती ती सुटेचनात. एल्डनने ओढून पाहिली, मार्लाने गुदगुल्या करून पाहिल्या. शेवटी पाचवा पट्टा त्याच्या मांड्यांवरून आवळला आणि मार्लाने पिकअप माणसाच्या चालीने घराकडे काढली.

समोरच्या गाड्या पुन्हा कडेला थांबू लागल्या. ट्रॅक्टरवाला म्हातारा परत निघाला होता. त्याने पुन्हा टोपी काढली आणि ताठ, पांढराफटक बसलेल्या ड्वेनकडे बघून मान झुकवली.

मार्लाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अरे, सकाळसारखा हात तरी हलव. या वेळी त्यांना तू खरंच गेलास असं वाटतंय."

पण हात सुटत नव्हता.