नानांच्या ओट्यावरचं नेट

"मीच धाडले ते मेसेज," नाना म्हणाले. "चला, माले लई चला."

ओट्यावर धुळ्याहून आलेला फौजदार आणि एक पोलीसबाई उभे होते. धुळ्यातल्या एका शिक्षिकेला कोणीतरी महिनाभर घाणेरड्या धमक्या पाठवत होतं, आणि शोध घेता घेता त्या धमक्या निघाल्या अमळनेरात, आमच्या गल्लीत, नानांच्या घरच्या नेटवरून. फौजदाराने एवढंच विचारलं होतं की हे नेट कोण कोण वापरतं. नानांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं आणि गुन्हा कबूल करून टाकला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चपला घालून तयारसुद्धा झाला.

मी समोरच्या दारात मेथी निवडत होते. तशीच उठून गेले. म्हटलं, "नाना, डोकं फिरलं का तुमचं?"

"अक्का, तुम्ही घर जा."

मी गेले नाही. नानांचं ऐकायचं नसतं, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

नाना टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढण्यात जन्म गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना तारच वाटते. कोणाच्या मुलीला स्थळ आलं की विचारणार, "लाइन क्लिअर शे का?" कोणाचं पोट बिघडलं तरी तेच. माझा नवरा गेला तेव्हा दहाव्याला सगळे काहीबाही बोलत होते. नाना आले, म्हणाले, "लाइन कटी गई, अक्का," आणि केळीची पानं मांडायला लागले. मला तेच बरं वाटलं.

तेव्हा अख्ख्या गल्लीत फोन एकच, नानांचा. सगळ्यांनी आपल्या नातेवाइकांना तोच नंबर देऊन ठेवलेला. पुढे पीपी लिहायचं, म्हणजे शेजाऱ्याचा. फोन आला की नानांची बायको सुमनबाई ओट्यावरून हाक मारायची, "अक्काऽऽ, भडगावना फोन शे!" मी पिठाच्या हातांनी पळायची. माझ्या लेकीला मुलगी झाली ते मी त्यांच्याच घरात उभं राहून ऐकलं. कोणी फोनवर बोलायला लागलं की नाना भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत बसायचे. कोणाचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. एकादशी, संकष्टी सगळं त्यांना पाठ झालं होतं.

मग हातोहाती मोबाइल आले. फोन गेला, हाका गेल्या. चार वर्षांपूर्वी सुमनबाईही गेली. मूलबाळ नव्हतंच. त्याच वर्षी नानांनी घरात नेट घेतलं.

ती लुकलुकणारी पेटी फोनच्याच कोनाड्यात बसवली. फोनवर असायचा तोच सुमनबाईने विणलेला रुमाल तिच्यावर घातला. आणि ओट्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने पासवर्ड लिहिला, एकपासून आठपर्यंत आकडे. पोरं, बायका, भाजीवाला, जो तो ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेला. कोणाकडे आलेला शिंदखेड्याचा पाहुणासुद्धा एसटीला वेळ असला की तिथे टेकून नातवंडांची तोंडं बघून घ्यायचा. नाना आत-बाहेर करत पाणी द्यायचे.

मी एकदा विचारलं, "नाना, तुमच्या फोनच्या डायलला चांगलं पितळी कुलूप होतं. याला का नाही?"

म्हणाले, "ते जाणाऱ्या फोनले व्हतं, अक्का. येणाऱ्याले कोठे कुलूप रहास?"

पेटी बसवणाऱ्याने बजावलं होतं की आबा, पेटीचा आतला पासवर्ड कंपनीचा आहे, तो बदलून घ्या. नाना त्याच्यावरच डाफरले. "खात्याचं सील तोडायचं? नोकरीभर तोडलं नही, आता तोडू?" सील शाबूत ठेवलं. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

तर फौजदाराने विचारलं, "बरं आजोबा, काय लिहिलं होतं त्या बाईंना?"

नाना म्हणाले, "वाईट."

"म्हणजे काय?"

"भलतंच वाईट. तुम्हाले माहीत शे ना? मग माले कसाले बोलाले लावतस?"

"मोबाइल दाखवा."

नानांनी खिशातून रबर लावलेला बटणांचा मोबाइल काढला. पोलीसबाईने तो उलटापालटा केला. "यावर नेट लागतच नाही, आजोबा. घरात दुसरा आहे?"

"नही."

"मग हे नेट तुम्ही कशावर वापरता?"

नानांनी मोबाइल परत घेऊन खिशात घातला. चार वर्षं पैसे भरणारा माणूस नेटला बोटही लावत नाही, हे समोर राहून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पोलीसबाई आत गेली, रुमाल बाजूला केला, सोबत आणलेला कॉम्प्युटर उघडून बसली. अर्ध्या तासाने तिने समजावून सांगितलं. पेटीला कुलपं दोन. एक नेटचं, ते भिंतीवर लिहिलेलं. दुसरं पेटीचं स्वतःचं, आणि त्या कंपनीच्या सगळ्या पेट्यांना किल्ली एकच. सगळ्या गावाने एकाच गाडीवरून कुलपं घ्यावीत तसं. त्यात पेटीचं बाहेरून उघडायचं दारही चालू राहिलेलं. कुठल्या तरी गावात बसून कोणीतरी त्या दाराने आत शिरला आणि नानांच्या घरातून धमक्या पाठवत राहिला.

"म्हणजे गल्लीतलं कोनी नही?" नानांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आजोबा. त्याला या गल्लीचं नावही माहीत नसेल."

नाना पायरीवर बसले आणि चपला काढून ठेवल्या. गल्लीतल्या कोणाच्या तरी बदल्यात हा माणूस तुरुंगात निघाला होता, आणि कोणाच्या ते त्यालाही माहीत नव्हतं. मूर्खपणा आहे, दुसरं काय म्हणणार.

पोलीसबाईने ते दार बंद केलं, दोन्ही कुलपं बदलली, लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून दिला. म्हणाली, कोणाला सांगू नका. नानांनी भिंतीवर चुना मारला आणि कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोलिसांना भ्यायले म्हणा. आणि खरं तर प्रत्येकाच्या मोबाइलात आपापलं नेट कधीच आलं होतं. नानांच्या नेटवाचून कोणाचंच अडत नव्हतं. नाना रोज संध्याकाळी ओटा झाडून, पाण्याचा तांब्या भरून बसत. कोणी गल्लीतून गेलं की हात खिशाकडे जाई.

चौथ्या दिवशी मी वाटीभर भाजलेले दाणे घेऊन गेले.

नाना उठायलाच लागले. "कोनले पासवर्ड पाहिजे, अक्का?"

"कोणाला नको. माझ्याकडे तरी कुठे मोबाइल आहे? सरका तिकडे."

नाना सरकले. दिवेलागणीपर्यंत बसलो. दुसरं कोणी आलं नाही. आम्ही दोघंच होतो, नाना आणि मी.