राजा मरायचा राहिला

"सर, यंदाच्या नाटकात पोरगी मरण्याऐवजी तिनंच राजाले मारलं, तर चालते का?"

हा प्रश्न भर वर्गात विचारून दाखव, अशी पैज मंगलीनं आणि मागच्या बाकावरच्या सगळ्या पोरींनी लावली होती. मी विचारला! उभी राहून, खणखणीत आवाजात! मागच्या वर्षीची सोनी बाकाखाली शिरली असती. पण नववीत गेल्यापासून मी कोणाच्या बापाला भीत नाही. (माझ्या सोडून.)

मेश्राम सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाटक त्यांनीच लिहिलेलं. पाच हजार वर्षांपूर्वीचं नगर, क्रूर राजा, बळी द्यायला धरून आणलेली मुलगी, तिचं पळणं, मागे भालेवाले सैनिक आणि शेवटी तिचा मुडदा.

"चालेल," सर म्हणाले. "पण राजा पुरता मेला पाहिजे. स्टेजवर, लोकांसमोर! अर्धवट काही झालं, तर पुढच्या वर्षीपासून पोरी पुन्हा स्वागतगीतात."

आजवर आमच्या शाळेत पोरींनी स्वागतगीतच म्हटलेलं; नाटकात यंदा पहिल्यांदाच, आणि ती बळीची मुलगी मी. म्हणजे सगळ्यांचं नशीब आता माझ्या लाकडी तलवारीवर!

"सोने, हुकली तर पाह्य, तुझ्या मांगं मी लागते!" मंगली म्हणाली.

"हुकते काऊन? अशी मारते का राजा पाणी मांगणार नाई!"

आमचं गाव कुरखेड्याजवळ. शाळेचं मैदान संपलं की लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. नोव्हेंबर चालू होता, उशिरा पिकणारं भारी धान कमरेएवढं उभं. बाबांनी आधीच सांगून टाकलं, "नाटक तू कर, धान मी राखतो. परवा भरदुपारी रानडुक्कर शिरला अन् शेजारच्या जंगूची मांडी फाडली. त्याले नाई सोडत आता."

नाटकाच्या दिवशी चार वाजता पडदा उघडला. पहिल्याच अंकात तीन मुंडकी उडाली! मुंडकी म्हणजे आईच्या मांडवावरचे कोहळे, आत लाल रंग भरलेले. पुढच्या रांगेतली दोन लेकरं किंचाळून रडली. सिंहासनावरून राजा झालेला दहावीतला लटारू असा गडगडून हसला की तिसरंही रडलं.

मग पाठलाग! सरांची युक्ती अशी की मी स्टेजवरून उडी मारायची, पहिल्या बांधीतल्या धानातून वळसा घालून मागून परत यायचं आणि राजाला भोसकायचं. सैनिकांनी रणवाद्यं म्हणून तेलाचे डबे बडवत मागे लागायचं. माझ्या अंगात पोतं, तोंडाला काजळी. "वाकून पळ, भीती दिसली पाहिजे," सर म्हणाले होते.

आता आमच्याकडे धानात डबे वाजले की कोणी कोणाला काही विचारत नाही. डुक्कर शिरला! हाताला येईल ते घ्यायचं अन् धावायचं. हे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. सर पडले भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीतले, त्यांना कुठून कळणार? आणि मला? माझं सगळं ध्यान तलवारीत!

मी उडी मारून धानात शिरले, मागे डबे वाजले आणि बांधावरून कोणीतरी ओरडलं, "धान हालून राह्यलं! घेरा बे!"

चारी बांधांवरून माणसं उठली. काठ्या, कुऱ्हाडी, कुत्रे! मागे पाहिलं तर आमचं शूर सैन्य डबे टाकून शाळेकडे पळत होतं. एक काठी कानाजवळून सूं करून गेली. तुम्ही म्हणाल, उभी का नाही राहिलीस? तुम्ही राहून पाहा! मी आणखी वाकले. डावीकडे वळले, कुत्रा. उजवीकडे वळले, कुऱ्हाड. पोतं मागून फाटत चाललं होतं. समोर बांध आला, आणि बांधावर भाला उगारून एक माणूस.

बाबा!

हाक मारायची होती. पण घशातून महिनाभर घोकलेलंच निघालं, "थांब, नराधमा! तुझा अंतकाळ जवळ आला आहे!"

भाला हवेतच थांबला.

"देवाजीभाऊ," शेजारचा पोचू मागून ओरडला, "डुक्कर पुस्तकातलं बोलून राह्यला!"

बाबांच्या हातून भाला गळाला. ते तसेच चिखलात बसले. "सोनी? मी फेकलाच होता ना माय... फेकलाच होता."

पण राजा अजून जिवंत होता!

"बाबा, मंग रडा! मले राजाले माराचं हाय!"

मी धावले. मागे बाबा, मागे पोचू, मागे वीस माणसं, कुऱ्हाडी आणि सगळे कुत्रे. मी स्टेजवर चढले, तलवार उपसली, "मर, दुष्टा!"

लटारूनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे पाहिलं. मग मुकुट टाकला आणि मागचा पडदा फाडून जो गेला, तो थेट मामाच्या गावाला!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर रिकाम्या सिंहासनाकडे पाहत राहिले. "मेला का?"

"नाई सर," मंगली रडवेली होऊन म्हणाली, "पळाला."

"मग ठरल्याप्रमाणे स्वागतगीत."

घरी आई माझं तोंड राखेनं घासत होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी आईचा हात बाजूला केला.

"आई, बाबा, मी ठरवलं आहे. स्वागतगीत-बिगीत काही नाई. उद्याच सरांले सांगते, पुढच्या वर्षी राजा मी होणार. माराले कोणीबी येवो, मी सिंहासनावरून हलणार नाई!"