उस्मानचाचांचा बर्फाचा दांडा

भोरच्या बाजारात बर्फ मागितला की उस्मानचाचा आधी विचारतात, "कुठल्या दिवसाचा देऊ?" बर्फ काय भाकरी आहे, शिळा व्हायला? पण हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच भरलं. माझ्या चळवळीला आलेलं हे एकमेव फळ.

गेल्या वर्षी मी बाजारात हवामानबदलाची पत्रकं वाटत होते. त्यांत लिहिलं होतं: उष्ण पट्ट्यातल्या उंच डोंगरांवर हजारो वर्षांचा बर्फ थरावर थर साचलाय. त्याला भोक पाडून लांब दांडा बाहेर काढतात. धुळीचा थर दिसला की समजायचं, ती वर्षं कोरडी गेली. थर जाड, म्हणजे हिम भरपूर पडलं. लोकांनी त्या पत्रकांत भजी बांधून नेली. चाचांनी मात्र ते तीनदा वाचलं.

"म्हंजे त्या टायमाची हवा बुडबुड्यात कोंडल्याली आस्ती?"

"हो. पण मुद्दा तो नाही, चाचा. तो बर्फच आता वितळतोय. पुरावाच नाहीसा होतोय."

"तुजा मुद्दा ऱ्हाऊ दे. हवा आस्ती ना?"

सभेत दाखवायला तसाच एक दांडा करून द्या, म्हटलं. दोन दिवसांचं काम. चाचा म्हणाले, "थर रोजचा रोज. खोटा थर घालायचा न्हाई." दुकानामागेच घर. तिथंच, चाचींच्या खाटेजवळ फ्रीझर. चाचा रोज माठातलं चमचाभर पाणी त्यातल्या पारदर्शक नळीत ओतायचे. शिवऱ्याला रस्त्याचं काम निघालं, तेव्हा तिकडची चिमूटभर माती पडली. खाटेवरून चाची ओरडायच्या, "येक येडा कमी व्हता का, म्हून ही पोरगी आली?"

शिमग्याच्या सुमारास चाची गेल्या. तिसऱ्या दिवशी भेटायला गेले, तर चाचा चमचा घेऊन फ्रीझरपाशी. मला खरंच राग आला.

विंझरच्या सभेसाठी दांडा मागितला, तर सरळ "न्हाई."

"भुशात बांधून नेते. संध्याकाळी परत."

"न्हाई म्हन्लं ना."

"मग केलात कशाला?"

चाचांनी फ्रीझरचं झाकण लावून टाकलं. मी नुसता तक्ता घेऊन गेले. एका आजोबांनी शेवटी विचारलंच, "ताई, ह्यात बर्फ कुठंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडायच्या तयारीनंच दुकानात शिरले. सकाळपासून लोडशेडिंग. विकायच्या लाद्यांचं पाणी गटारात चाललेलं आणि घरातली सगळी गोणपाटं त्या हातभर नळीभोवती.

"धंद्याचा बर्फ वितळू दिलात आणि हे सांभाळताय? चाचा, डोकं ठिकाणावर आहे का?"

चाचांनी गोणपाट जरासं सरकवलं. एका बारीक रेघेवर नख टेकवलं.

"हितनं खाली दोगांची हवा हाय," ते म्हणाले. "वर नुसती माजी."

माझ्या पिशवीत विंझरहून उरलेली दोनशे पत्रकं होती. मी गठ्ठा सोडला आणि एकेक पत्रक नळीभोवती गुंडाळायला लागले.

"घट्ट गुंडाळ," चाचा म्हणाले.