कुलपाआडचा मालक

परक्याच्या दुकानात अर्धी हयात मान मोडून शिवणाऱ्या शिंपीमास्तरांनी एके दिवशी आपली कात्री पिशवीत टाकली आणि मालकाला सुनावलं, ‘आजपासून मीच माझा मालक!’ मालक शांतपणे म्हणाला, ‘महिनाभरात परत येशील.’ ते वाक्य मास्तरांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

मशीन घरच्या पुढच्या खोलीत आलं आणि गल्लीला शोध लागला की मास्तर आता रिकामे आहेत. शेजारच्या काकू बाहेर जाताना किल्ली ठेवून जायच्या, पोरगी आली की द्या म्हणून. वरच्या मजल्यावरचे आजोबा पेपर वाचून घ्यायला यायचे. मेहुणा तर चक्क मांजर सोडून गावाला गेला. मास्तर चिडले की सगळ्यांचं एकच पालुपद, घरीच तर असता! अरे, घरी असतो म्हणजे काय लोळत असतो? दुकानात कुणाची टाप होती मांजर आणून ठेवायची?

अशात बँडच्या म्होरक्याचा कोट शिवायला आला. तो पसंत पडला तर अख्ख्या बँडचे कोट मिळणार होते. नाही पडला, तर मान खाली घालून मालकाची पायरी चढणं आलं. द्यायच्या दिवशी मास्तरांनी नामी शक्कल लढवली. बायकोला म्हणाले, कामावर जाताना बाहेरून कुलूप लाव, म्हणजे ब्याद टळेल.

‘अहो, आणि गिऱ्हाईक आलं तर?’

‘तो संध्याकाळी येणार, तोवर तू आलेली असशील. मला शहाणपण शिकवू नकोस.’

काय ती शांतता! कुणी कडी वाजवली नाही, कुणी हाक मारली नाही. दुपारीच कोट तयार झाला, आणि घात असा की म्होरक्याही दुपारीच आला. दाराला हे भलंमोठं कुलूप. काकूंनी तत्परतेनं सांगून टाकलं की मास्तर कंटाळून परत दुकानात गेले असणार. म्होरक्या तिकडं जायला वळला, तसे मास्तर धावत खिडकीशी आले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, ‘अहो, मी आत आहे!’

किल्ली बायकोकडं. मग कोटच गजांतून बाहेर गेला. म्होरक्यानं तो भर गल्लीत चढवला, मास्तरांनी बाहेर हात काढून खांदा सारखा केला, आणि जमलेल्या मंडळींनी फुकटचे सल्ले दिले. पण कोट बसला होता झकास! म्होरक्या खूश झाला. मग त्याची नजर पुन्हा कुलपावर गेली आणि तो भडकला.

‘मास्तर, सगळ्यांचे कोट तुम्हीच शिवायचे. पण माणसाला असं कोंडून राबवायचं म्हणजे काय? कुठं आहे तुमचा मालक? त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मी हलणार नाही.’

मास्तरांनी दोन्ही हातांनी गज धरले.

‘मालक मीच आहे,’ ते म्हणाले.

म्होरक्यानं एकदा कुलपाकडं पाहिलं, एकदा मास्तरांकडं. तेवढ्यात काकू पुढं आल्या. ‘म्हणजे घरीच आहात तर,’ असं म्हणून त्यांनी आपल्या घराची किल्ली गजांतून आत सरकवली.